गोवा एक्सप्रेसमधनं उतरा आणि सरळ हुमायूनच्या मकबऱ्यात जा : बेळगावकडच्या लोकांसाठी

बेळगाव स्टेशनवर संध्याकाळी गोवा एक्सप्रेस धरली की ती मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ, भोपाळ, झाशी, आग्रा करत तिसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीत पोचवते हे आपल्याकडं सगळ्यांना माहिती आहे. पण ती नवी दिल्ली स्टेशनला जात नाही, हजरत निजामुद्दीनला संपते, आणि तिथनं दीड-दोन किलोमीटरवर हुमायूनचा मकबरा आहे, हे मात्र फारसं कुणी लक्षात घेत नाही. आमचे लोक उतरतात, रिक्षावाल्याशी भांडतात आणि पहाडगंजला लॉज शोधायला पळतात. मग लाल किल्ला, इंडिया गेट, कुतुबमिनार, आणि वेळ उरला तर हुमायून. पहिल्या खेपेला मीपण तेच केलो. (हो, आमच्यात ‘मी केलो’ असंच म्हणतात, पुण्याच्या लोकांनी हसू नये.)

त्या वेळी आम्ही एका टूरच्या बसमधनं गेलेलो, मे महिना, दुपारचे बारा, आणि गाडीवाल्यानं सांगितलं की वीस मिनिटांत परत या. वीस मिनिटांत माणूस काय बघणार, तिकिटाची रांग, एक फोटो, एक पाण्याची बाटली, संपलं. दुसऱ्या वेळी आई आणि खानापूरच्या मामांना घेऊन गेलो ते ठरवूनच, की दिल्लीतला पहिला अर्धा दिवस इथंच घालवायचा. मी घरबांधणीची छोटी-मोठी कामं घेतो, त्यामुळं माझी नजर जरा गवंड्याची आहे, राजा-राणीच्या गोष्टींपेक्षा पाणी कुठनं जातंय आणि वजन कशावर बसलंय हे मी आधी बघतो. हे सगळं त्याच नजरेनं लिहितोय.

आधी वेळ ठरवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. पण डिसेंबरच्या शेवटाला आणि जानेवारीत धुकं पडतं आणि गाडी किती तास लेट होईल याचा काही नेम नसतो, म्हणून मला विचाराल तर नोव्हेंबर नाहीतर फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा. मे-जूनला जाऊ नका, लाल दगड दुपारी तव्यासारखा तापतो. मकबरा सूर्योदयापासनं सूर्यास्तापर्यंत उघडा असतो आणि आठवड्याचे सातही दिवस चालू असतो, हे मुद्दाम सांगतो कारण ताजमहाल शुक्रवारी बंद आणि लाल किल्ला सोमवारी बंद, त्यात लोक गोंधळतात. तुमची गाडी शुक्रवारी पोचू दे नाहीतर सोमवारी, इथं अडचण नाही.

गाडीतनं उतरलं की वेटिंग रूममध्ये तोंड धुवा, कपडे बदला आणि सामान क्लोकरूममध्ये टाका. बॅगेला कुलूप असल्याशिवाय घेत नाहीत, म्हणून घरातनंच छोटी कुलपं न्या, स्टेशनच्या बाहेर तीच कुलपं डबल भावानं मिळतात. पिशवीला कुलूप लागत नाही म्हणून आमची दशम्यांची पिशवी मामांनी दिवसभर खांद्यावर वागवली, पण ती शेवटी उपयोगालाच आली. बाहेर पडताना एक बघा, स्टेशनाला दोन बाजू आहेत. सराय काले खाँ म्हणतात ती मेट्रोची आणि मोठ्या बसस्टँडची बाजू, तिकडनं मकबरा लांब पडतो. दुसऱ्या म्हणजे निजामुद्दीन वस्तीच्या बाजूला पडा, तिथनं रिक्षा करा, सामान नसेल तर चालतही जाता येतं. रिक्षावाला ‘आधी एम्पोरियम दाखवतो’ म्हणाला तर नको म्हणा, त्याला कमिशन असतं.

तिकीट भारतीय लोकांना साधारण ४० रुपये, ऑनलाइन काढलं की थोडं कमी, आणि १५ वर्षांखालच्या मुलांना फुकट. दारात क्यूआर कोड लावलेला असतो, पण रांगेत उभं राहून तो स्कॅन करताना नेट गंडतं, म्हणून स्टेशनवरच काढून ठेवा. पाणी भरून न्या. आणि पायात रोजच्या चपला-बुटांपैकी जे सवयीचं आहे तेच घाला, पायऱ्या उंच आहेत आणि चालणं भरपूर आहे.

सरळ हुमायूनकडं जाऊ नका, आधी उजवीकडं वळा

हे सगळ्यात महत्त्वाचं. आत शिरल्यावर सगळी गर्दी नाकासमोर चालत सुटते. तुम्ही थोडं पुढं जाऊन उजव्या हाताला एक दार दिसेल तिकडं वळा, तो इसा खानचा मकबरा. इसा खान नियाझी हा शेरशाह सूरीच्या दरबारातला सरदार, आणि शेरशाह म्हणजे ज्यानं हुमायूनला हिंदुस्थानातनं हाकलून लावलं तो. ही इमारत १५४७ची, म्हणजे हुमायूनच्या मकबऱ्याआधी वीसेक वर्षं बांधलेली. आता गंमत बघा, ज्याचा पराभव झाला त्याच्या थडग्याच्या वाटेवर जिंकलेल्या बाजूचा सरदार आधी भेटतो.

पण मी तिथं पाठवतोय ते त्यासाठी नाही. इथं तुमचे डोळे तयार होतात. इमारत आठकोनी, बुटकी, बसकी, भोवतीनं व्हरांडा, प्रत्येक बाजूला तीन-तीन कमानी, डोक्यावर एक घुमट आणि त्याच्या भोवती छोट्या छत्र्या. बाग आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खोल आहे, म्हणजे तुम्ही वरनं खाली उतरून जाता. छत्र्यांवर निळ्या-हिरव्या टाइल्स अजून काही ठिकाणी टिकून आहेत. आत जाऊन मान वर करा, घुमटाच्या आतल्या बाजूला गिलाव्यात कोरलेली गोल नक्षी आहे, लाल-निळी, मला तर आमच्या बेळगाव किल्ल्यातल्या कमळबस्तीच्या, म्हणजे जुन्या जैन मंदिराच्या, छतातलं दगडी कमळ आठवलं. काम वेगळं, धर्म वेगळा, काळ वेगळा, पण बसलेल्या माणसाची मान वर करायला लावायची युक्ती तीच. इथं पंधरा-वीस मिनिटं द्या. हे बघून मग पुढं गेलात की वीस वर्षांत काय बदललं ते तुम्हाला कुणी सांगायची गरज पडत नाही.

इसा खानकडनं परत वाटेवर आलात की बू हलीमाची बाग आणि तिचा दरवाजा लागतो, उजवीकडं अरब सराईचं उंच दार दिसतं, मकबऱ्याच्या कामावरचे कारागीर इथं राहायचे असंही सांगतात. म्हणजे आपल्या भाषेत साइटवरची लेबर कॉलनी. फोटो काढा, पुढं चला.

दरवाजातनं बघायची पद्धत

आता पश्चिमेचा दरवाजा येतो, आज आपण इथनंच आत जातो, मुघलांच्या काळात मात्र दक्षिणेचा दरवाजा वापरात होता. दरवाजाच्या आत पाऊल टाकायच्या आधी दोन मिनिटं अंधारात थांबा. समोरच्या कमानीत मकबरा एखाद्या फोटोफ्रेममध्ये बसवल्यासारखा दिसतो, आणि एक-एक पाऊल पुढं टाकलं की तो फ्रेमच्या बाहेर फुगत जातो. मामा तीन वेळा मागंपुढं झाले, मागनं येणाऱ्या शाळेच्या पोरांना वाटलं म्हाताऱ्याचं काहीतरी हरवलंय.

इथं थोडा इतिहास सांगून टाकतो, नंतर त्रास नको. जानेवारी १५५६मध्ये हुमायून पुराना किल्ल्यातल्या आपल्या ग्रंथालयाच्या जिन्यावरनं पडला आणि दोन-तीन दिवसांत गेला. अकबर तेव्हा तेरा वर्षांचा. मकबरा बांधायचं मनावर घेतलं ते हुमायूनच्या थोरल्या बेगमनं, बेगा बेगम, तिलाच पुढं हाजी बेगम म्हणायला लागले. काम १५६५च्या सुमाराला सुरू झालं आणि १५७२पर्यंत उरकलं. आर्किटेक्ट मीरक मिर्झा गियास, इराणी वळणाचा माणूस, तो मध्येच वारला आणि पोरानं काम पूर्ण केलं. बागेच्या मधोमध एवढा मोठा मकबरा हा प्रकार हिंदुस्थानात पहिल्यांदा इथं झाला, ताजमहालाचं काम त्यानंतर साठेक वर्षांनी, १६३२ला सुरू झालं. युनेस्कोनं १९९३ला याला जागतिक वारसा म्हणून घेतलं.

बाग म्हणजे फक्त लॉन नव्हे

बहुतेक लोक बागेतनं झपझप चालत जातात. मला तर इमारतीपेक्षा बाग जास्त आवडली. याला चारबाग म्हणतात, म्हणजे मोठा चौरस, त्याचे वाटांनी आणि पाण्याच्या पाटांनी चार भाग, त्या भागांचे परत छोटे चौकोन, असे एकूण ३६ चौकोन आणि त्यातल्या मधल्या चार चौकोनांच्या जागेवर मकबरा. भातशेतीचे बांध माहिती असलेल्या माणसाला हे लगेच कळतं, वाफे पाडल्यासारखंच आहे, फक्त वाफ्यात भात नाही. कल्पना अशी की कुराणात सांगितलेल्या स्वर्गातल्या चार नद्या म्हणजे हे चार पाट, आणि मकबऱ्याजवळ जाऊन पाट असा संपतो की जणू पाणी इमारतीच्या खालनं जाऊन पलीकडच्या बाजूला परत निघतंय.

आता खाली वाकून पाट बघा. अरुंद आहे, उथळ आहे, आमच्याकडं असला पाट बघून कुणी म्हणेल की यात म्हशीचे पाय पण भिजायचे नाहीत. पण आम्ही गेलो तेव्हा पाणी चालू होतं, मी एक वाळकं पान पाटात टाकलं आणि त्याच्याबरोबर चालायला लागलो. पान थांबलं नाही, पळालंही नाही, माझ्या सावकाश चालीनं चालत राहिलं, मध्ये चौकोनी हौद आला तिथं एक फेरी मारली आणि परत पुढच्या पाटाला लागलं. कामाच्या माणसाला विचारा ही किती अवघड गोष्ट आहे. बाथरूमच्या दहा फुटांत उतार काढताना आमचे लोक चुकतात आणि पाणी दाराकडं येतं, इथं एवढ्या लांबवर पाणसळीनं उतार काढलाय आणि तो डोळ्याला दिसतसुद्धा नाही. मध्यंतरी हे पाट मातीत गाडले गेले होते, बाग पार मोडली होती, मग आगा खान ट्रस्ट आणि पुरातत्त्व खात्यानं १९९७ ते २००३ या काळात उकरून, लेव्हल लावून परत चालू केले.

पूर्वी यमुना अगदी पूर्वेच्या भिंतीजवळनं वाहायची, आता ती लांब सरकलीय. पूर्वेच्या भिंतीत बारादरी (कमानींचा उघडा मंडप) आणि उत्तरेच्या भिंतीत हमाम (न्हाणीघर) आहे, तिकडं गर्दी नसते, म्हाताऱ्या माणसांना बसायला चांगलं.

ओटा, आणि तो चढायच्या आधी

जवळ गेल्यावर सगळे जण वर घुमटाकडं बघतात. तुम्ही खालनं सुरुवात करा. सगळ्यात खाली बुटकी पायरी, तिच्यावर माणसाच्या तीन-चार पट उंच ओटा, ओट्याच्या चारी बाजूंना कमानींची रांग. प्रत्येक कमानीच्या आत खोली, अशा ५६ खोल्या, आणि बऱ्याच खोल्यांत कबरी. या आवारात मुघल घराण्यातली दीडशेपेक्षा जास्त माणसं पुरलेली आहेत. म्हणजे हा एकट्या हुमायूनचा मकबरा नाहीच, अख्ख्या भाऊबंदकीचा आहे.

दगड ओळखा. ओट्याला काही ठिकाणी भुरकट कठीण दगड आहे तो दिल्लीच्याच टेकड्यांतला क्वार्टझाइट, वरचा लाल तो वालुकाश्म म्हणजे सँडस्टोन, आणि पांढरा तो संगमरवर. मामा दगडाला हात लावून म्हणाले, “आपला चिराच की ओ हा.” नव्हे. आपला खानापूरकडचा चिरा म्हणजे जांभा, त्याला भोकं असतात, तो बोटानं पण खरवडतो, त्याच्यावर असली बारीक कड काढताच येत नाही. सँडस्टोन एकसारखा दाणेदार असतो, टाकीनं धार काढली की धार राहते. आणि विजापूरला गेलात तर तिथला दगड काळा, आपला दख्खनचा बेसाल्ट, त्यामुळं गोलघुमट सगळा काळपट. इथं लाल दगडात पांढऱ्या संगमरवराच्या पट्ट्या बसवून सगळ्या कडा ओढून दाखवल्यात, पेन्सिलनं चित्र काढून मग त्याच्यावर पेन फिरवतात तसं. कमानीच्या दोन्ही खांद्यांवर सहा टोकांची चांदणी दिसेल, तिच्यावरनं लोक काय काय थिअरी मारतात, मी एकदा ऐकत उभा राहिलो आणि करमणूक झाली. ती साधी भूमितीतली नक्षी आहे, दोन त्रिकोण एकमेकांत घातलेले.

वर जायचा जिना मात्र उभा आणि अंधारा. पायऱ्या उंच आहेत, एका गुडघ्यावर भार देऊन चढायला लागतं. आईचे गुडघे दुखतात, ती दोनदा थांबली, तिसऱ्यांदा म्हणाली, “बादशाला पालखी असेल गा, आमचं काय.” वय झालेल्यांना आग्रह करू नका, खाली बागेत बसूनही अर्धा मकबरा कळतो. वर जायचंच असेल तर मोबाईलची बॅटरी लावा आणि भिंतीच्या बाजूनं चढा, उतरणाऱ्यांना मधली बाजू द्या.

वर गेल्यावर

ओट्यावर गच्चीसारखी मोठी फरसबंदी जागा आहे, उघड्यावर पण कबरी आहेत, कोरीव काम आहे पण बहुतेकांवर नाव नाही. मुघल कबरींची एक खूण लक्षात ठेवा, वरच्या बाजूला कलमदानासारखा उंचवटा असेल तर पुरुष आणि सपाट पाटी असेल तर बाई. आम्ही तेच बघत फिरलो, मामांना तर खेळच मिळाला. औरंगजेबानं ज्याला १६५९ला मारलं तो दारा शुकोह याच आवारात आहे असं मानतात. आणि १८५७च्या सप्टेंबरमध्ये शेवटचा बादशहा बहादूरशाह जफर इथंच येऊन लपला आणि इथनंच हॉडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याला पकडून नेलं. नव्वद वर्षांनी, फाळणीत, याच बागेत निर्वासितांची छावणी पडली, हजारो माणसं तंबूंत राहिली. तुम्ही ज्या हिरवळीवरनं चालत आलात तिथं लोकांनी चुली मांडल्या होत्या.

आता इमारतीच्या चारी बाजूंनी एक पूर्ण फेरी मारा, सगळे लोक समोरच फोटो काढून आत घुसतात म्हणून म्हणतो. वरनं बघितल्यासारखं डोक्यात नकाशा करा. मधे एक मोठी आठकोनी खोली, चार कोपऱ्यांना चार आठकोनी दालनं, चार बाजूंना खोल कमानी, सगळं एकमेकांना बोळांनी जोडलेलं. याला हश्त बिहिश्त म्हणजे आठ स्वर्ग म्हणतात, इराणकडची पद्धत. इमारतीचे कोपरे छाटलेले आहेत त्यामुळं तिरकं उभं राहिलं तरी तुम्हाला एक दर्शनी बाजू मिळते, कुठनंही बघा, ती पाठ करून उभी आहे असं वाटत नाही.

घुमटाचं गणित

हा भाग मला मनापासनं सांगायचाय. बेळगावच्या माणसानं सहलीला गोलघुमट बघितलेलाच असतो. १६५६चं ते काम, मुहम्मद आदिलशहाचं, बाहेरनं घुमट साधारण ४४ मीटर रुंद, आणि तो एकच घुमट आहे, म्हणजे बाहेरनं जो दिसतो तोच आत. म्हणून आत गेलं की डोक्यावर आभाळ आल्यासारखं वाटतं आणि टाळी वाजवली की आवाज फिरून-फिरून येतो.

इथं तसं नाही, इथं घुमट दोन आहेत, एकावर एक. बाहेरचा उंच, गोल, मानेवर बसवल्यासारखा, पांढऱ्या संगमरवराचा, तो लांबनं दिसायला. आतला बुटका, तो खोलीच्या मापाचा. मध्ये पोकळी. का, तर बाहेरनं रुबाब पाहिजे असेल तर घुमट उंच करायला लागतो, पण तोच उंच घुमट आतनं विहिरीत उभं राहिल्यासारखा दिसतो. म्हणून दोन कवच. आपल्याकडं कौलारू घराला खाली माळा आणि वर उंच छप्पर असतं की नाही, पावसाचं काम कौलं बघतात आणि खोलीचं काम माळा, तसंच काहीसं. इमारत एकूण चाळीस मीटरच्या वर जाते, आणि लांबनं बघताना घुमट जड वाटत नाही ते या मानेमुळं.

आता त्याच्यावरचा कळस बघा. २०१४च्या मे महिन्यात दिल्लीत वादळ झालं त्यात १८ फुटांचा कळस खाली पडला, आज दिसतो तो नवीन, २०१६ला बसवलेला, तांब्याचा, सोन्याचा मुलामा दिलेला. आणि छत्र्यांवरच्या रंगीत टाइल्स बघा, ती भाजायची कला इथं विसरली गेली होती, उझबेकिस्तानच्या कारागिरांकडनं शेजारच्या निजामुद्दीन वस्तीतल्या पोरांना शिकवून त्यांच्याकडनं टाइल्स करून घेतल्या.

आणि एक किस्सा तर आमच्या धंद्यातला आहे. विसाव्या शतकात छत गळतंय म्हणून वर काँक्रीटचा थर टाकला. परत गळालं, परत थर. असं करत-करत छतावर इतकं काँक्रीट साचलं की २००७ ते २०१३च्या दुरुस्तीत सुमारे १० लाख किलो काढून खाली आणलं आणि परत जुन्या पद्धतीनं चुन्याचं काम केलं. वाचलं तेव्हा मी एकटाच हसलो, कारण टिळकवाडीत मी एका गिऱ्हाइकाला हेच सांगून थकलोय की स्लॅब गळतो म्हणून वर अजून कोबा टाकू नका, पाणी कुठनं शिरतंय ते आधी शोधा, तर त्यांनी तिसरा थर दुसऱ्या कुणाकडनं टाकून घेतला.

आत

मधल्या खोलीत दक्षिणेकडनं शिरायचं. आत गेलं की एकदम गार, आणि डोळ्यांना सवय व्हायला अर्धं मिनिट जातं. मधोमध पांढऱ्या संगमरवराची साधी कबर, बाकी काही नाही. ही पण खरी कबर नव्हे, खूण आहे, खरी कबर बरोबर हिच्या खाली तळघरात. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “एवढं मोठं बांधून आत एवढंच व्हय?” बरोबर आहे तिचं. पण पूर्वी असं रिकामं नव्हतं. १६११ला विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी इथं आला होता, त्यानं लिहून ठेवलंय की आत भारी गालिचे होते, वर छोटा शामियाना, कबरीवर पांढरी चादर, आणि शेजारी कुराण आणि हुमायूनची तलवार, पगडी, जोडे. जोडेसुद्धा! आता हे डोक्यात ठेवून परत त्या रिकाम्या फरशीकडं बघा.

आतनं पश्चिमेची जाळी शोधा. बाकीच्या जाळ्यांपेक्षा वेगळी, संगमरवराची, आणि तिच्यात मशिदीतल्या मेहराबचा आकार काढलाय. मशिदीत मेहराब म्हणजे भिंतीतला बंद कोनाडा असतो, इथं मात्र जाळी आहे, म्हणजे मक्केच्या दिशेनं उजेड आत येतो. दुपारनंतर गेलात तर त्या जाळीची नक्षी फरशीवर पडते आणि हळूहळू सरकत कबरीकडं येते. सकाळी आलेल्यांना हे मिळत नाही, म्हणून जमलं तर फोटो सकाळी काढा आणि आत परत चारच्या सुमाराला या, तिकीट एकदाच काढायचं असेल तर मधला वेळ बागेत आणि खालच्या खोल्यांत काढा.

कोपऱ्यातल्या दालनांत जायला लोक कंटाळतात, जा. तिथं कुटुंबातल्या बाकीच्यांच्या कबरी आहेत आणि प्रत्येक जाळीची नक्षी वेगळी. आवाज नको. गोलघुमटाच्या सवयीनं टाळ्या वाजवणारे दोघं-तिघं मराठी बोलणारेच भेटले, काय बोलायचं.

खाली उतरल्यावर

आग्नेय कोपऱ्यात एक छोटा घुमट दिसतो, त्याला नाई का गुंबद म्हणतात, १५९०-९१चा. म्हणजे बादशहाच्या बागेत हजामाला जागा, निदान नावानं तरी. त्याच्याजवळ उभं राहून मोठ्या मकबऱ्याचा तिरका फोटो सगळ्यात चांगला येतो आणि तिथं गर्दी नसते.

दशम्या आणि शेंगाची चटणी आत काढू नका, आवारात खायला परवानगी नाही, बाहेर पडून शेजारच्या सुंदर नर्सरी नावाच्या मोठ्या बागेत जा. तिथं वेगळं तिकीट आहे पण झाडी, बाकं, स्वच्छ बाथरूम सगळं आहे. त्याच रस्त्यात जमिनीखाली बांधलेलं नवीन म्युझियम आहे, जुलै २०२४ला सुरू झालं, पायऱ्यांच्या विहिरीसारखी खाली उतरत जाणारी रचना आहे. जेवून, पाय मोकळे करून मग बघा, नुसत्या पोटी बघू नका, मोठं आहे.

वेळ आणि पाय दोन्ही शिल्लक असतील तर मथुरा रोडवर थोडं पुढं अब्दुर रहीम खान-ए-खानानचा मकबरा आहे. दोह्यांचा रहीम तो हाच, आणि अहमदनगरवर मुघल फौज घेऊन आलेलाही हाच, म्हणजे आपल्या दख्खनशी त्याचा जुना संबंध. त्यानं हा मकबरा १५९८ला बायकोसाठी बांधला. याच्यावरचा संगमरवर पुढं काढून सफदरजंगच्या मकबऱ्याला लावला, म्हणून बरीच वर्षं हा सोललेल्या फणसासारखा उभा होता, आता दुरुस्त झालाय. आणि रस्त्याच्या पलीकडं निजामुद्दीन औलियांचा दर्गा, तिथंच अमीर खुसरो, जवळच गालिबची कबर. गुरुवारी संध्याकाळी दर्ग्यात कव्वाली असते, पण लहान मुलं बरोबर असतील तर गर्दीत हात सोडू नका.

ज्यांना दिल्ली जमत नाही त्यांनी मनमाडला उतरून छत्रपती संभाजीनगर गाठावं. बीबी का मकबरा हाच नमुना आहे, सतराव्या शतकातला, बागेच्या मधोमध, चार मिनार जास्तीचे. ताजची गरीब बहीण म्हणून लोक हिणवतात, मला ते बरोबर वाटत नाही. ताज बागेच्या टोकाला नदीकाठी आहे, बीबीचा मकबरा हुमायूनसारखा मधोमध, त्या हिशोबानं तिचं नातं दिल्लीशी जास्त आहे. आणि विजापूरला परत गेलात की गोलघुमटाबरोबर इब्राहिम रौजा बघायला विसरू नका, १६२७च्या सुमाराचा, मुघलांचा नव्हे, आदिलशाहीचा, बागेतला, आणि कोरीव कामात मला तो हुमायूनपेक्षा सरस वाटतो. आमच्या जिल्ह्यातनं सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं.

परतीची गोवा एक्सप्रेस दुपारची असते, त्यामुळं मकबरा येण्याच्या दिवशीच बघून टाका, जायच्या दिवशी धावपळ होते. आणि क्लोकरूमची पावती स्वतःच्या वरच्या खिशात ठेवा. आमची मामांच्या दशम्यांच्या पिशवीत होती, आणि मामा ती पिशवी सुंदर नर्सरीच्या बाकावर विसरून आले होते.